लांडग्याचा सूर

चेलोच्या मैफलीला कोण येतं, सांगू? चेलो वाजवणारेच येतात. गाण्याला लोक येतात, नाचाला येतात, पियानोलाही बऱ्यापैकी येतात. पण चेलो, म्हणजे ते गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं थोरलं व्हायोलिन, म्हटलं की तिकीटखिडकीवरच्या बाईंना तोंडपाठ झालेली तीच तीस-पस्तीस डोकी. एक दातांचे डॉक्टर, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई, संगीतशाळेतले तीन मास्तर आणि त्यांचे विद्यार्थी, शिवाय दोन जुळे भाऊ, ज्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही आणि तरी ज्यांना दर वेळी शेजारीशेजारीच बसायचं असतं. निम्मं सभागृह ओस पडलेलं असलं तरी ही मंडळी उजवीकडच्या तीन रांगांत दाटीवाटीने बसणार. का, तर तिथून वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताची बोटं नीट दिसतात. मैफल सुरू झाली की यांचीही बोटं सुरू. कुणी स्वतःच्या गुडघ्यावर वाजवतं, कुणी उजव्या मनगटावर, टपालवाल्या बाई पर्सच्या पट्ट्यावर. आपण काही करतोय हे त्यांच्या गावीही नसतं. बाहेरचा माणूस चुकून यांच्यात येऊन बसला तर त्याला वाटावं, इथे सगळ्यांना एकदमच खाज सुटलीय.

यांचा आणखी एक शिरस्ता आहे. मैफल संपल्यावर वाईट बोलायचं नाही. कुणी वाईट वाजवलं, तर वाद्याची तारीफ करायची, ‘वाह, काय चेलो आहे हो तुमचा!’ आणि वाद्यानेच दगा दिला, तर वाजवणाऱ्याची. झालं. ज्याला समजायचं त्याला समजतं आणि कुणाचं तोंड कडू होत नाही.

या सगळ्या गोतावळ्यात चेलो न वाजवणारा माणूस एकच, तो म्हणजे मामा. मामा चेलो दुरुस्त करायचे. एकोणचाळीस वर्षं. त्या तीन रांगांतल्या प्रत्येकाचं वाद्य कधी ना कधी मामांच्या टेबलावर उताणं पडलेलं. कुणाची तारा टेकतात ती लाकडी घोडी बदललेली, कुणाच्या पोटाची चीर सांधलेली, कुणाची मान सरळ केलेली. पण मामांची खरी ख्याती होती ती कानांची. चेलोच्या पोटात पेन्सिलीहून थोडी जाड अशी एक काठी उभी असते. वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये, नुसती दाबावर. गोंद नाही, खिळा नाही. ती केसाएवढी इकडे सरकली तर आवाज उजळतो, केसाएवढी तिकडे सरकली तर बसतो. मामा वाकड्या सळईने ती काठी सरकवायचे, एक सूर वाजवायचे, डोळे मिटायचे, पुन्हा सरकवायचे. डोळे उघडून ‘स्वच्छ आहे’ म्हणाले, की विषय संपला. मोठमोठे वादक त्या दोन शब्दांवर रंगमंचावर जायचे.

आणि आता तेच सांगायचंय. मामांचे कान गेले होते.

एका दिवसात नाही गेले. खालचे सूर आधी गेले. दाराची घंटा ऐकू यायची, ताटली पडलेली ऐकू यायची, समोर तोंड करून बोललं तर बोलणंही कळायचं, काही ऐकून, काही ओठांवरून. पण चेलो म्हणजे बंद दाराआडची कुजबुज. तीही सारखीच, चांगल्या वाद्याचीही तीच आणि फुटक्याचीही तीच. डॉक्टरांनी कानात बसवायची यंत्रं दिली, त्यातून घंटा आणखी कर्कश झाली, चेलो होता तिथेच राहिला. दीड वर्ष झालं होतं. घरात फक्त मामीला माहीत होतं. बाहेर कुणाला नाही.

मग हा माणूस दीड वर्ष काम कसं करत होता? बोटांनी. हनुवटीने. चेलोच्या डोक्यावर जे गोल वळण असतं त्यावर हनुवटी टेकवायची आणि गज ओढायचा, म्हणजे हाडातून कंप येतो. चाळीस वर्षांची सवय, त्यामुळे निभत होतं. मामी म्हणायची, “अहो, किती दिवस असं रेटणार? एक दिवस तोंडघशी पडाल.” मामा म्हणायचे, “अगं, बघू.” हे ‘बघू’ मोठं वाईट असतं.

आता बुटकीचं सांगायला हवं. बुटकी म्हणजे मामांची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. सहा वर्षांची असताना मामांच्या दुकानात आली आणि एका मोठ्या चेलोमागे लपली, ती कुणाला सापडेचना. तेव्हापासून बुटकी. आता सव्वीस वर्षांची, मामांहून चार बोटं उंच, तरी बुटकीच. तिच्यामुळेच सगळ्या गावाचे ते ‘मामा’ झाले. जुळ्यांतला थोरला मामांहून आठ वर्षांनी मोठा, तोही ‘मामा’ म्हणतो. पंधराव्या वर्षी तिला मोठा चेलो मिळाला, तोही मामांनीच शोधून आणलेला. आवाजाला राजा. पण त्यात लांडगा होता.

लांडगा म्हणजे काय, तर प्रत्येक चेलोत एक सूर असा असतो की तिथे तार आणि लाकूड यांचं भांडण होतं. सूर सरळ येत नाही, थरथरतो, अडखळतो, घशातून गुरगुरल्यासारखा फुटतो. त्याला ही मंडळी लांडगा म्हणतात. काहींचा निजलेला असतो, काहींचा अंगावर येतो. बुटकीच्या चेलोतला अंगावर येणारा होता, नेमका तिसऱ्या तारेवर. त्यावर एक साधा उपाय आहे. बोटाच्या पेराएवढी एक पितळी नळी मिळते, ती घोडीच्या खालच्या बाजूला तारेवर बसवायची, की लांडगा गप्प. पण थोडा आवाजही गप्प. बुटकीला ते नको होतं. “मामा, त्याचं तोंड बांधू नकोस रे,” म्हणाली. मग मामांनी आठ दिवस खपून आतल्या काठीची अशी जागा शोधली, की नळीशिवाय तो सूर मधासारखा यायला लागला. त्यासाठी आणलेली नळी अकरा वर्षं मामांच्या टेबलाच्या खणात पडून होती.

बुटकी तीन वर्षं वाद्यवृंदात बदली म्हणून वाजवत होती. कुणी आजारी पडलं की हिला फोन. त्या वर्षी एक खुर्ची कायमची रिकामी झाली. वाद्यवृंदाचे मोठे सर तिला म्हणाले, “तुझी एकटीची मैफल आहे ना? येतो मी. तासभर ऐकतो, मग ठरवू.” एकच खुर्ची. पुन्हा दहा-बारा वर्षं रिकामी व्हायची नाही, कारण वाद्यवृंदातली माणसं खुर्ची सोडतात ती थेट म्हातारी होऊनच.

मैफल संध्याकाळी सहाला होती. दुपारी साडेबाराला बुटकी धापा टाकत मामांच्या दुकानात आली. घराच्या जिन्यात पेटीचा पट्टा तुटला होता आणि चेलो पेटीसकट दोन पायऱ्या खाली गेला होता.

“मामा, फुटला नाहीये, मी पाहिलं. पण आत खडखडतंय.”

मामांनी चेलो हलक्या हाताने तिरका केला. खडखड बोटांना लागली. आतली काठी पडली होती.

“एवढंच ना?” मामा म्हणाले. “तू घरी जा, चार घास खा, तासभर पड. मी थेट सभागृहात घेऊन येतो.”

“मी थांबते ना. वाजवून बघायला कुणीतरी हवं तुला.”

“तू थांबलीस की मला सुचत नाही. जा बघू.”

बिचारी गेली. मामांनी तिला का पिटाळलं हे तुमच्या लक्षात आलंच असेल. चेलोवर हनुवटी टेकवून बसलेला मामा तिला दिसायला नको होता.

मामी दारातून बघत होती. ती आत येऊन मामांच्या समोर उभी राहिली, ओठ नीट दिसावेत म्हणून. “अहो, आज तरी खरं सांगा. संगीतशाळेतल्या मास्तरांना बोलवा. ते ऐकतील, तुम्ही काठी सरकवा. दोन तासांचं काम आहे.”

“आणि त्यांना काय सांगू? का बोलावलं म्हणून?”

“सांगा, की ऐकू येत नाही.”

“आज? तिच्या मैफलीच्या दिवशी? तिचे हात कापायला लागतील.”

हे म्हटलं तर खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं, आणि मामीला ते कळत होतं. ती चहा ठेवून निघून गेली. तो चहा मामांनी घेतला नाही.

काठी उभी करायला दोन तास गेले. दातांच्या डॉक्टरांनी दिलेला छोटा आरसा आत घालायचा, त्यात बघायचं आणि सळईने काठी ढकलायची. जुन्या जागेवर पेन्सिलीची खूण होती, त्या खुणेवर काठी बरोबर बसली. पण पडल्यामुळे तिचं टोक जरासं दबलं होतं. आता केसाएवढा फरक राहिला असेल का नसेल, हे कान सांगतात. मामांनी चेलो गुडघ्यांत धरला, हनुवटी टेकवली आणि तिसऱ्या तारेवरचा तो सूर ओढला. कंप अगदी सरळ आला. तरी खात्री वाटेना. नीट जाणवावं म्हणून त्यांनी गुडघे आणखी आवळले. सूर आणखी सरळ. चार वेळा ओढला, चारही वेळा लोण्यासारखा.

अरे देवा! त्या तीन रांगांतल्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक आहे, ते मामांना त्या दुपारी आठवू नये? लांडगा उठला की वादक काय करतो? गुडघ्यांनी चेलोचं पोट दाबतो. दाबलं की लांडगा गप्प होतो. मामांनी हे स्वतः शंभर पोरांना शिकवलेलं. आणि आता ऐकायला कान नाहीत म्हणून गुडघ्यांनी ऐकायला गेले, आणि ज्याला ऐकायचं त्याचाच गळा दाबून बसले. कान शाबूत असलेल्या माणसाकडून ही चूक झाली नसती, आणि चेलो न कळणाऱ्याकडूनही झाली नसती. निघताना मात्र त्यांनी खणातली पितळी नळी उचलून कोटाच्या खिशात टाकली. उगाच असावी म्हणून.

साडेपाचला मामा ग्रीनरूममध्ये पोचले. बुटकी काळ्या पोशाखात, केस घट्ट बांधलेले. तिने चेलो घेतला, तारा जुळवल्या, सगळीकडून बोटं फिरवली आणि त्या सुरावर थांबली. पुन्हा वाजवला. कपाळाला एक आठी.

“मामा, इथे जरा गुरगुरतोय का रे?”

बघा, हा तो क्षण. खिशात नळी होती. वेळ वीस मिनिटं होता आणि ती बसवायला एक मिनिट लागतं. नुसतं ‘नळी लावून टाकू’ एवढं म्हणायचं होतं. पण ती विचारणार, का? नीट झालं नाहीये का? तुला काय ऐकू आलं?

“पुन्हा वाजव,” मामा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. बंद दाराआडची कुजबुज. त्यांनी डोळे उघडले.

“स्वच्छ आहे.”

आठी क्षणात गेली. “मग माझेच हात कापतायत,” बुटकी हसली. “तू म्हणालास ना, मग झालं.” वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला. मामांना तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा आपल्या जागेवर येऊन बसले. दुसरी रांग, शेजारी दातांचे डॉक्टर. चौथ्या रांगेत मोठे सर, हाताची घडी घालून. बुटकी आली, टाळ्या झाल्या, गज तारेला लागला. मामांना एक कुजबुज ऐकू यायला लागली, तासभर तीच ऐकू येणार होती. मग ते गेलं दीड वर्ष करायचे तेच करायला लागले. त्यांनी शेजाऱ्यांच्या हातांकडे पाहिलं.

डॉक्टरांची बोटं मनगटावर धावत होती. टपालवाल्या बाईंची पट्ट्यावर. जुळ्यांची चार गुडघ्यांपैकी दोन गुडघ्यांवर. सगळी एका चालीत. हात असे धावताहेत म्हणजे उत्तम चाललंय. मामांचा जीव थोडा भांड्यात पडला. पहिली पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. मग संथ भाग आला. मामांना तो पाठ होता. घरात हजारदा ऐकलेला, कान होते तेव्हा. त्यात मधोमध एक लांबच लांब सूर येतो, पूर्ण गजभर ओढायचा, बाकी काही नाही. तिसऱ्या तारेवर. तोच.

बुटकीचं बोट तिथे पोचलं, गज निघाला.

आणि तीन रांगांतले सगळे हात थांबले.

एकदम. दिवे गेल्यासारखे. डॉक्टरांचं बोट मनगटावर उचललेलं तसंच राहिलं. पाठीमागची विद्यार्थ्यांची रांग मामांनी वळून पाहिली, तिथेही तेच. मग त्यांना दुसरं काही दिसलं. सगळ्यांनी गुडघे आवळले होते. डॉक्टरांनी, बाईंनी, जुळ्यांनी, पोरांनी, तीस-पस्तीस माणसांनी आपापल्या खुर्चीत बसून मांड्या गच्च मिटल्या होत्या, जणू इथून दाबलं तर तिकडे लांडगा गप्प बसणार आहे. रंगमंचावर बुटकीही गुडघे दाबत होती. पोशाख ताणलेला दिसत होता, पण एवढ्या लांब, जोरकस सुराला नुसते गुडघे पुरत नव्हते. आणि तो सूर काय एकदाच येतो? फिरून फिरून त्यावरच यायचं होतं. दर वेळी तिचं बोट तिथे पोचायच्या आधीच हात थांबायचे आणि गुडघे मिटायचे. एकदा तिने मान वर करून दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. मामांनी काय केलं असेल? मान डोलवली. छान चाललंय अशी. सवयीने! हात कोटाच्या खिशात होता आणि मुठीत ती नळी, तळव्यात रुतेपर्यंत. उठून रंगमंचावर जाता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. मामाही गुडघे आवळून बसले. दुसरं काय करणार?

मैफल संपली. टाळ्या जरा जास्तच वाजल्या. बाहेर सगळे मामांभोवती जमले.

“पोरीने काय धीर दाखवला हो!” डॉक्टर म्हणाले.

“हिंमत आहे. हात कसला तयार!” टपालवाल्या बाई म्हणाल्या.

“माझ्या मते शेवटचा भाग तर फारच,” थोरला जुळा म्हणाला. “फारच,” धाकटा म्हणाला. दोघांचं एकमत झालेलं त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

चेलोबद्दल एक अक्षर कुणी काढलं नाही. जो चेलो मामांनी शोधला, जपला, ज्याची दर वेळी पहिल्यांदा तारीफ व्हायची, त्याच्याबद्दल एकही शब्द नाही. शिरस्ता मामांनाही ठाऊक होताच. सगळ्यांना कळलं होतं. मोठे सर जाताना थांबले, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. मामांनी ओठ वाचले. “गुणी मुलगी आहे. पुढे कधीतरी बघू.”

मामा ग्रीनरूममध्ये गेले तेव्हा बुटकी फडक्याने तारांवर उतरलेली गजाची राळ पुसत होती. डोळे लाल होते, पण रडत नव्हती.

“सर भेटून गेले,” ती म्हणाली. “या वेळी नाही म्हणाले.” मग म्हणाली, “माझ्याच हाताला काहीतरी झालंय रे मामा. तू म्हणालास स्वच्छ आहे, आणि मला तिथे येईचना. कितीही दाबलं तरी. मला वाटतं, माझ्यात तेवढं नाहीच. उगाच एवढी वर्षं...”

“बुटके.”

“काय?”

“तुझा हात चांगला आहे. मला ऐकू येत नाही.”

तिला आधी कळलंच नाही. “काय ऐकू येत नाही?”

“चेलो. दीड वर्ष झालं.”

बुटकी त्यांच्याकडे बघत राहिली. मामा वाट बघत होते, ती ओरडेल, फडकं फेकेल, निदान ‘का नाही सांगितलंस’ म्हणेल. तिने त्यातलं काहीच केलं नाही. खाली बसली, चेलो घेतला, गुडघे मोकळे सोडले आणि तो सूर ओढला. तिचे डोळे मामांच्या चेहऱ्यावर होते. हे ऐकू येतं का, असं विचारणारे.

मामांनी नाही अशी मान हलवली. मग न राहवून पुढे झाले आणि चेलोच्या पोटावर तळहात ठेवला. तळव्याखाली सूर सरळ, गोड, लोण्यासारखा.

बुटकीने गज थांबवला नाही. मान वर करून, सावकाश, त्यांना ओठ दिसतील अशा बेताने म्हणाली, “हात काढ, मामा. तू हात लावलास की तो गप्प बसतो.”

मामांनी हात काढला. तिचा गज चालूच होता. तार थरथरताना दिसत होती, तिच्या गालावरून पाणी खाली येताना दिसत होतं. मामा हात तसाच अधांतरी धरून उभे राहिले, आणि त्यांच्या कानात तीच ती कुजबुज येत राहिली, अगदी स्वच्छ.